जाड बांबूवाल्याची शिष्टाई

आमच्या बांबू बँडमध्ये सर्वांत जाड बांबू माझ्याकडे असतो. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. बारीक बांबूंना सूर असतो, मधल्यांना चाल असते आणि जाड्याला नुसतं ‘बुम’ असतं. हातात रबरी चप्पल घ्यायची, बांबूच्या उघड्या तोंडावर थाडकन मारायची, बुम. मग तीन मोजायचे, पुन्हा बुम. मास्तरांनी मला आधी बारीक बांबू दिला होता, आठवड्याने मधला दिला आणि महिन्याने जाडा. त्यापुढे देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“क्लीटस,” ते म्हणाले, “तुला तीनपर्यंत मोजता येतं ना? मग झालं तर.”

तीनपर्यंतही मला धड येत नव्हतं, हे त्यांना कळलं नाही, कारण माझ्या उजव्या हाताला लुकास उभा असायचा. बँड दोन गावांचा मिळून होता: डोंगरावरचं आमचं कोरोवा आणि नदीपलीकडचं सिपाता. शनिवारी दुपारी चर्चच्या आवारात सगळे जमायचे. लुकास सिपाताचा. वीज लागल्यासारखा त्याचा हात बारीक बांबूंवर चालायचा आणि मी मोजणी चुकतोय असं जाणवलं की तो न बघता मला कोपराने ढोसायचा. लोक म्हणायचे, क्लीटसचा ताल पक्का आहे. ताल लुकासच्या कोपरात होता. मी फक्त बरगड्या पुरवत होतो.

एकोणिसाव्या वर्षी मी सिपाताच्या स्कोलास्टिकाच्या प्रेमात पडलो आणि आयुष्यातलं पहिलं नि शेवटचं गाणं रचलं. उकुलेलेवर, म्हणजे चार तारांच्या छोट्या गिटारीवर. त्याचे शब्द साधारण असे होते: ‘स्कोला गं स्कोला, तुझ्या मळ्यातलं रताळं गोड, त्याहून तू गोड, मला एकदा तरी सोलून बघ.’ शेवटच्या ओळीत मला काय म्हणायचं होतं ते तेव्हाही माहीत नव्हतं. मी तिच्या मळ्याच्या कडेला उभं राहून अख्खं गाणं म्हटलं. तिने काठीने माती उकरत अख्खं ऐकलं.

“संपलं?” तिने विचारलं.

“हो.”

“बरं झालं.”

पुढच्या वर्षी तिने लुकासच्या थोरल्या भावाशी, राफेलशी लग्न केलं. राफेल फुटबॉल खेळायचा आणि त्याला गाता मुळीच येत नव्हतं. यातून मी योग्य तो बोध घेतला आणि पर्पेचुआशी लग्न केलं, जिला गाणं आवडत नाही.

मग लढाई आली. आमच्या या बुगनव्हिल बेटावर आम्ही तिला नुसतं ‘क्रायसिस’ म्हणतो. दहा वर्षं चालली. आधी ती सरकारशी होती, मग शेजाऱ्यांशी झाली. कोरोवाचे लोक एका बाजूला गेले, सिपाताचे दुसऱ्या. का, ते सांगायला बसलो तर आजही आमच्या ओसरीवर दुसरी लढाई होईल, म्हणून ते राहू द्या. बेटाला वेढा पडला. मीठ नाही, साबण नाही, औषध नाही. चपलाही झिजून गेल्या, आणि चपला नाहीत म्हणजे बँड नाही. तसाही तो कुठे उरला होता? सूर नदीपलीकडे राहिला आणि ‘बुम’ अलीकडे.

माझ्या शौर्याचं सांगायचं तर तेही सांगतो. थेओफिल मामांनी मला पाण्याच्या पाइपाची एक घरगुती बंदूक करून दिली. आमच्याकडे जमीन आईकडून येते आणि शब्द मामाचा चालतो, त्यामुळे मामांनी बंदूक दिली म्हणजे ती घ्यायचीच. मी ती एकदाच उडवली. दस्ता माझ्या हातात राहिला आणि नळी उडून मामांच्या अळूच्या वाफ्यात पडली. शत्रू सुखरूप राहिला, कारण मी ज्याच्यावर नेम धरला होता ते डुक्कर होतं आणि तेही आमचंच होतं. त्यानंतर मला पहाऱ्यावर टाकलं. नदीच्या उतारावर बसायचं आणि सिपाताचं कुणी पाणी ओलांडताना दिसलं की पोकळ ओंडक्याचा नगारा बडवायचा. मला वाजवण्याचाच अनुभव आहे, असं मामा म्हणाले.

सातव्या वर्षी, एका दुपारी, उताराखालून गोळ्यांचा आवाज आला. अशा वेळी नगारा वाजवायचा असतो. मी पळालो. चांगली शंभर पावलं वर जाऊन नेच्यांच्या दाट झुडपात पालथा पडून राहिलो. थोड्या वेळाने खालून माणसं आली. पुढे थेओफिल मामा, मागे आमचे दोघे, आणि त्यांच्या खांद्यावर लुकास.

त्याच्या पाठीवरच्या टोपलीत बंदूक नव्हती. कोवळे, बारीक बांबू होते, सारख्या मापाने तोडलेले. तसे बांबू आमच्या काठावरच होतात. चपला नव्हत्या, बँड नव्हता, सहा-सात वर्षांत कुणी वाजवलं नव्हतं, आणि हा शहाणा बांबू तोडायला नदी ओलांडून आला होता. आमच्या त्या दोघा पोरांना पाठीवर लांबट काहीतरी दिसलं, त्यांनी गोळी घातली.

मामांनी नीरफणसाच्या झाडाखाली खड्डा खणायला लावला. मग अंगातला शर्ट काढला. निळा, शिंपल्याच्या गुंड्यांचा, त्यांच्याकडचा एकच धड शर्ट. तो लुकासच्या तोंडावरून, छातीवरून पांघरला. प्रार्थना म्हटली. वर एक चपटा दगड ठेवला आणि बरोबरच्या दोघांना म्हणाले, “हे कुणाला कळता कामा नये. कळलं तर उद्या सिपातावाले गाव जाळतील.”

मी झुडपात तोंडात मूठ घालून पडलो होतो. माझा ताल खड्ड्यात गेला आणि मी साधा बाहेरसुद्धा आलो नाही.

पुढची चार वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. पर्पेचुआपासून मला साधी दाढदुखी लपवता येत नाही, पण हे लपवलं. मामांसोबतचे ते दोघं पुढे लढाईतच गेले. सिपातावाल्यांना वाटलं, आम्ही लुकासला पकडून कुठेतरी नेलंय. त्यांनी आमचे दोघे मारले, आम्ही त्यांचा एक. लुकासची आई अगाथा मावशी नदीपलीकडच्या खडकावर येऊन ओरडायची, “माझं पोर कुठंय?” आमच्याकडून कुणी उत्तर द्यायचं नाही. माहीत नसलेले खरंच गप्प असायचे, आणि माहीत असलेले आम्ही दोघं, मामा आणि मी, एकमेकांच्या मागे गप्प असायचो.

शेवटी तह झाला. तह पाळला जातोय का ते बघायला पिवळे शर्ट घातलेले, बिनबंदुकीचे परदेशी लोक बेटभर फिरायला लागले आणि गावोगाव समेट व्हायला लागले. फक्त आमचा होईना. दोनदा बैठक ठरली, दोनदा मोडली. तिसऱ्यांदा आम्ही बोलणी सुरू करायची खूण म्हणून एक डुक्कर पाठवलं. सिपातावाल्यांनी ते परत पाठवलं, तेही चार दिवस खाऊपिऊ घालून, म्हणजे गेलं त्यापेक्षा जाड करून. एवढा अपमान आमचा लढाईतही झाला नव्हता.

मग मामांनी गाव जमवलं. “आता माणूस पाठवायचा,” ते म्हणाले. “एकटा. बिनहत्याराचा.”

कुणाला पाठवायचं यावर बराच खल झाला. अमका गेला तर त्याला मारतील, कारण त्याने त्यांची झोपडी जाळली होती. तमक्याला मारतील, कारण तो मोठ्या घरातला. प्रत्येक नाव निघायचं आणि प्रत्येकाच्या नावाला काही ना काही मान होता. शेवटी सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्याकडे वळल्या.

“क्लीटसला कुणी मारणार नाही,” एक म्हातारी म्हणाली. “याला मारून काय मिळणार?”

“खरंच की,” सगळे म्हणाले. एवढं एकमत आमच्या गावात त्याआधी झालं नव्हतं.

“आणि मारलं तर?” पर्पेचुआने विचारलं.

“मारलं तर,” म्हातारी म्हणाली, “तू अजून तरुण आहेस बाई.”

पर्पेचुआने यावर जरा जास्तच वेळ विचार केला असं मला वाटलं.

मी मामांकडे बघितलं. ते चुन्याच्या डबीत काडी फिरवत होते, वर बघत नव्हते. “डुकराचं आणि दिवसाचं विचारून ये,” एवढंच म्हणाले. “जाताना आवाज करत जा.”

आवाज करत जाणं आमच्याकडे गरजेचं असतं. गुपचूप येतो तो वैऱ्यासारखा येतो. म्हणून मी माझा जुना उकुलेले घेतला. त्याच्या चारांतली एक तार मासे धरायच्या दोरीची होती. सकाळी निघालो. ठरवलं होतं की भजनं म्हणत जायचं. मनुष्य भजन म्हणत असला तर गोळी घालायला कुणीही थोडा कचरतो. उतारापर्यंत भजन चाललं. पाण्यात पाय घातला आणि पलीकडे झाडीत काहीतरी चमकलं. डोक्यातली सगळी भजनं एका क्षणात पुसली गेली. कोरी पाटी. बोटं तेवढी वाजवत होती, पण तोंडाला शब्द मिळेना, आणि गप्प राहायची तर सोयच नव्हती. तेव्हा तोंडातून जे बाहेर पडलं ते तेच होतं, कारण दुसरं मी काही रचलंच नव्हतं:

‘स्कोला गं स्कोला, तुझ्या मळ्यातलं रताळं गोड...’

काय गातोय ते मला अर्ध्या नदीत कळलं. थांबलो तर गोळी, गायलो तर राफेल. मी गातच राहिलो. काठावर चढलो तेव्हा सात-आठ जण बंदुका घेऊन उभे होते, आणि मधोमध राफेल, सिपाताचा कमांडर. दाढी वाढलेली, डोळे लाल. ‘मला एकदा तरी सोलून बघ’ ही ओळ मी त्याच्या तोंडासमोर संपवली.

एका माणसाच्या खांद्यावरची बंदूक हलायला लागली. मला वाटलं, नेम धरतोय. तो हसू दाबत होता. तेवढ्यात वरच्या मळ्यातून बाईचा आवाज आला:

“अगं बाई! अजून तेवढंच बेसूर!”

स्कोला होती. मग मात्र सगळे हसले. बंदुका गुडघ्यांत धरून, पोटं धरून हसले. एक जण तर खाली बसला. पुढे लोकांनी ‘क्लीटसच्या गाण्याने सिपाताचं मन जिंकलं’ वगैरे जे काही केलं, त्यात जिंकलेलं होतं ते एवढंच.

राफेल हसला नाही. “तुला माझ्याच बायकोचं गाणं मिळालं?” त्याने विचारलं.

“भाऊ, दुसरं येतच नाही.”

“उकुलेले इकडे दे.” त्याने तो घेतला, आत हात घालून काही लपवलंय का बघितलं, आणि परत देताना म्हणाला, “मासे धरायची दोरी लावलीस?”

“वेढ्यात तार कुठून आणू?”

“हूं,” तो म्हणाला. “आम्हीपण तीच लावतो.” आणि पुढे चालायला लागला.

मला अगाथा मावशीच्या घरी नेलं. चार वर्षांत बाई अर्धी झाली होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग पानावर नारळाच्या दुधात शिजवलेलं अळकुड्यांचं कालवण वाढलं आणि समोर बसली. मी मामांचा निरोप सांगितला: डुक्कर पुन्हा स्वीकारावं, दिवस ठरवावा, वैर संपल्याची खूण म्हणून दोन्हीकडचे बाण मोडावेत.

“डुकराचं मी काय करू?” मावशी म्हणाली. “मी विचारतेय ते सांग. माझं पोर कुठंय?”

“मला काय माहीत, मावशी? मी आपला पहाऱ्यावर असायचो.”

“नगारा वाजवायचास ना?”

“हो.”

“त्या दिवशी नाही वाजवलास. मी इथून ऐकत होते. गोळ्या वाजल्या, नगारा नाही वाजला. का रे?”

चार वर्षं माझ्या गावात हे कुणी विचारलं नव्हतं. मी अळकुडीचा तुकडा तोंडात घातला आणि तो तोंडातच राहिला.

मावशी उठली आणि घराच्या मागून एक बांबू घेऊन आली. जाडा. बँडचा जुना, एका बाजूने चिरलेला. “लुकास म्हणायचा, क्लीटसशिवाय उभंच राहता येत नाही. वाजव जरा. त्याचं ऐकल्यासारखं होईल.” तिने नारळाच्या सालीची एक जाड फळी माझ्या हातात दिली. चपला त्यांच्याकडेही नव्हत्या.

मी मारली. बुम. एक, दोन, तीन. बुम. एक, दोन... तिथे माझी मोजणी चुकली. मी अंग उजवीकडे जरासं वाकवून थांबलो. वर्षानुवर्षांची सवय, चुकलं की बरगडीत कोपर लागणार. काहीच लागलं नाही. तिथे फक्त खांब होता.

मग मला रडू फुटलं. सभ्यपणे नाही; नाक, तोंड, अळकुडी, सगळं मिळून. त्यातच मी सांगून टाकलं: “नीरफणसाखाली आहे, मावशी. उताराच्या वर, आमच्या काठाला. मी बघितलं. मी झुडपात होतो.” बांबूचं सांगितलं, निळ्या शर्टाचंही. शर्ट कुणाचा ते मी सांगणार नव्हतो, पण तसा शर्ट दोन्ही गावांत एकाचाच होता.

राफेलने मला मानेला धरून उचललं. मी लढाईच्या दहा वर्षांत एकदाही एवढा मरणाजवळ गेलो नव्हतो.

“सोड त्याला,” मावशी म्हणाली.

“आई, हा चार वर्षं...”

“मी चार वर्षं विचारत होते. त्याने सांगितलं. बाकी कुणी सांगितलं नाही. सोड.” आणि मग मला म्हणाली, “कालवण संपव. मग दाखवायला चल.”

मी संपवलं. कसं ते विचारू नका.

परत निघालो तेव्हा मी पुढे, मागे मावशी, राफेल, स्कोला आणि आणखी बरेच. बंदुका राफेलने घरीच ठेवायला लावल्या. त्यावर दोघांशी त्याचं वाजलं. आमच्या काठावरून गोळी येऊ नये म्हणून मला सारखं वाजवत राहायचं होतं. “ते गाणं सोडून काहीही वाजव,” राफेल म्हणाला. मी एकच सूर तासभर वाजवला.

थेओफिल मामा नीरफणसाखालीच बसले होते. एकटे. शेजारी फावडं. मागची सगळी माणसं थबकली. मी पुढे गेलो.

“मामा, मी सांगितलं.”

“कळलं. बायका बरोबर घेऊन आलास.”

“मी बघितलं होतं, मामा. तेव्हा. मी झुडपात होतो.”

“माहीत आहे,” मामा म्हणाले. “तुझ्या दातांचा आवाज येत होता. प्रार्थना म्हणताना मला वाटलं, लाकूड कुठे वाजतंय.”

“तुम्हाला माहीत होतं? मग मलाच का पाठवलंत?”

मामांनी फावडं उचलून राफेलच्या दिशेने सरकवलं आणि उठले. मला उत्तर दिलं नाही. नंतरही दिलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून त्यांनी मुद्दाम मला पाठवलं, असं पर्पेचुआचं म्हणणं आहे. मला मारून काही मिळणार नाही, हेच त्यांचंही कारण होतं, असं माझं.

उकरायचं काम राफेलने स्वतः केलं. कुणाला हात लावू दिला नाही. निळं कापड मातीसारखं झालं होतं, पण शिंपल्याच्या गुंड्या तशाच होत्या, चकचकीत. अगाथा मावशीने एकेक गुंडी वेचून हातात घेतली. मग मामांसमोर जाऊन उभी राहिली. मामा तिच्याहून थोरले, पण मान त्यांनी खाली घातली होती.

“शर्ट तुझा?” तिने विचारलं.

“माझा.”

“आणि नंतर चार वर्षं थंडीत काय घातलंस?”

मामा म्हणाले, “काही नाही.”

मावशीने त्यांच्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या. एकदा, दोनदा, मग किती ते मला माहीत नाही. मामा हलले नाहीत. ती थकली तेव्हा त्यांनी तिला धरलं आणि दोघंही खाली बसले. आमच्या गावातल्या बायका पुढे आल्या, सिपाताच्या बायका पुढे आल्या, आणि मग कुणाचं रडणं कुणाचं ते कळेना.

हाडं नारळाच्या पाण्याने धुतली, चटईत बांधली आणि लुकासला त्याच्या आईच्या जमिनीत ठेवलं. पंधरा दिवसांनी समेट झाला. लुकासला गोळी घालणारे दोघं उरले नव्हते, त्यांची नावं मामांनी सांगितली; बदल्यात त्यांचा एक ज्यांनी मारला त्या आमच्या माणसांनी उठून आपली सांगितली. त्यांतला एक माझा चुलतभाऊ. सिपाताच्यांनी आमच्या दोघांना मारणाऱ्यांची सांगितली. बाण मोडले, वैर गाडलं याची खूण म्हणून दगड पुरला, एकमेकांच्या हातची सुपारी खाल्ली. ते डुक्कर, आता पाहण्यासारखं झालं होतं, भट्टीत गेलं.

बँडही वाजला. पिवळ्या शर्टवाल्यांपैकी एकाने स्वतःच्या चपला काढून दिल्या आणि दिवसभर अनवाणी फिरला. मी सतरा वेळा चुकलो. स्कोलाने मोजलं होतं. राफेल शेवटी माझ्याजवळ आला. मला वाटलं, मिठी मारतोय. तो कानात म्हणाला, “समेट झाला. पण ते गाणं पुन्हा म्हटलंस तर लढाई सुरू.” मी ते आजतागायत म्हटलेलं नाही. सध्या दोन गावांत शांतता टिकून आहे ती माझ्या न गाण्यामुळे, हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो.

ज्याने चपला दिल्या त्याने ही हकीकत कुठेतरी लिहिली असावी. दोन-तीन वर्षांनी मला पत्र आलं. ब्रिस्बेनला मोठी परिषद आहे, तिथे ‘विश्वशांतीच्या कार्यात संगीतकाराची भूमिका’ यावर बोलायला यावं. विश्व म्हणजे नेमकं किती, ते मी चर्चच्या कॅटेकिस्टला, म्हणजे धर्म शिकवणाऱ्याला, विचारलं. आमच्याकडची एक नदी ओलांडताना माझी काय अवस्था झाली होती ते मला आठवत होतं. तरी गेलो, विमान फुकट होतं. कॅटेकिस्टचा कोट घातला, तो काखेत फाटला.

माझ्या आधी एक बाई बोलल्या. त्यांनी पाच देशांच्या सीमांवर व्हायोलिन वाजवलं होतं. मग मी. मी खरं तेच सांगितलं: मी पहाऱ्यावरून पळालो, झुडपात लपलो, चार वर्षं गप्प राहिलो, भीतीने भजन विसरलो, दुसऱ्याच्या बायकोचं गाणं गायलो, आणि समेट एका म्हातारीने केला, तोही विचारत राहून. दुभाष्याने माझं अर्ध्या वेळात उरकलं. सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. नंतर मी दुभाष्याला विचारलं, “काय सांगितलंस?”

“तेच,” तो म्हणाला, “थोडं नीटनेटकं करून.”

एका गृहस्थांनी मला विचारलं, “नेमक्या कोणत्या सुरावटीने त्यांचं मन पालटलं?” मी म्हटलं, “साहेब, मी ‘बुम’ वाजवतो.” त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. घरी आलो तर पर्पेचुआने आधी काख बघितली, मग विचारलं, “विश्वशांती झाली का?” म्हटलं, “नाही.” म्हणाली, “मग कोंबड्यांना तरी खायला घाल.”

मामा गेल्याला आता सहा वर्षं झाली. शवपेटीचा पुढचा कोपरा राफेलने धरला होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अगाथा मावशी अजून आहे, ऐकू कमी येतं, म्हणून माझं वाजवणं तिला चांगलं वाटतं. लुकासच्या जागेवर, बारीक बांबूंवर, आता स्कोलाची मुलगी उभी असते. ती कोपर मारत नाही. सगळ्यांसमोर मोठ्याने ‘काका, चुकलं!’ म्हणते.

सगळं झालं असं मात्र नाही. सिपाताचा एक माणूस आहे, योआकिम. ज्याला आमच्या लोकांनी बदल्यात मारलं त्याचा भाऊ. समेटाच्या दिवशी तो आलाच नव्हता. बुधवारच्या बाजारात तो अळू घेऊन बसतो, मी रताळी घेऊन, मध्ये तीन टोपल्या. गेली कित्येक वर्षं मी दर बुधवारी सुपारी सोलतो, सुपारीबरोबर चघळायची वेलीची शेंग नि चुन्याची डबी बरोबर ठेवतो आणि त्याच्यापुढे करतो. तो दुसरीकडे बघतो. मी ती स्वतः खातो. माझे दात कशाने गेले ते यावरून कळेल. डॉक्टर म्हणतात, सुपारी सोडा. सोडली तर त्याला काय देऊ?

मागच्या बुधवारी मी तशीच पुढे केली. योआकिमने खूप वेळ अळूच्या देठांची माती काढली. मग हात लांब केला, माझ्या डबीतला चुना काडीवर घेतला, आणि खिशातून स्वतःची सुपारी काढून खाल्ली.

“चुना ओला आहे,” तो म्हणाला.

“पावसाचे दिवस,” मी म्हटलं.

एवढंच बोलणं झालं. मी घरी येऊन चुना उन्हात वाळत घातलाय.